वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील फाइलनावांची कोडमध्ये तुलना कशी करावी : नवख्यांसाठी मार्गदर्शक

दोन फाइलनावे सारखी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नवखा प्रोग्रामर बहुतेक वेळा दोन्ही स्ट्रिंग स्मॉल अक्षरांत आणतो आणि त्यांची बरोबरी तपासतो. ज्या संगणकावर हा कोड लिहिला तेथे तो नीट चालतो. तोच कोड दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, पेनड्राइव्हवर, नेटवर्कवरील शेअर केलेल्या फोल्डरवर किंवा झिपमधून बाहेर काढलेल्या फाइलींवर चालवला, की कधी एक फाइल दुसरीवर लिहिली जाते, कधी डोळ्यांसमोर दिसणारी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, तर कधी तपासणीला चकवून नको असलेले नाव आत शिरते. या तिन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे. दोन नावे एकच आहेत का, हे ठरवण्याचा अधिकार आपण आपल्या कोडकडे घेतलेला असतो. प्रत्यक्षात तो अधिकार ती फाइल ज्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) राहते त्या डिरेक्टरीमागील फाइल सिस्टिमकडे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून त्यांची नावे सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे, असतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरूनही तो नियम खात्रीने सांगता येत नाही. पुढील पायऱ्या हे सूत्र धरून मांडल्या आहेत.

पायरी १ : आपला प्रश्न नेमका कोणता ते ठरवा

"ही दोन नावे सारखी आहेत का?" या एका वाक्याआड तीन निराळे प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. पहिला प्रश्न असा, की हे दोन पाथ (फाइलपर्यंत पोचण्याचे पत्ते) डिस्कवरील एकाच फाइलकडे जातात का? दुसरा असा, की ही दोन नावे एकाच डिरेक्टरीत ठेवायची झाल्यास ती एकमेकांवर आदळतील का? आणि तिसरा असा, की वापरणाऱ्या माणसाला ही दोन नावे एकच वाटतील का? बॅकअपचा प्रोग्राम पहिला प्रश्न विचारतो, फाइली सिंक करणारा किंवा झिप उलगडणारा प्रोग्राम दुसरा विचारतो आणि शोधपेटी तिसरा. कोड लिहिण्याआधी आपला प्रश्न कोणता हे फंक्शनच्या नावातच लिहावे, असा माझा आग्रह आहे. "नाव-तुलना" असे मोघम नाव दिलेले फंक्शन काही महिन्यांत तिन्ही कामांसाठी वापरले जाऊ लागते आणि त्यांपैकी निदान दोन कामांत ते चुकीचे उत्तर देते.

पायरी २ : फाइल सिस्टिमचे नियम समजून घ्या

लिनक्सच्या दृष्टीने फाइलनाव म्हणजे केवळ बाइटची मालिका असते. तिरपी रेघ / आणि शून्य मूल्याचा बाइट एवढे दोन सोडले तर कोणताही बाइट नावात चालतो, आणि एका बाइटचाही फरक असला तरी ती दोन वेगळी नावे ठरतात. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा विचार कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सहसा करत नाही, आणि नाव वैध यूटीएफ-८ मध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची बाइटांत लिहिण्याची पद्धत) आहे की नाही हेही तो पाहत नाही.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये नाव १६ बिटांच्या एककांत साठवले जाते. दिलेले नाव कॅपिटल-स्मॉलसह जसेच्या तसे जपले जाते, मात्र शोधताना तो फरक सोडून दिला जातो. त्यासाठी लागणारा कॅपिटल अक्षरांचा तक्ता त्या व्हॉल्यूमवरच (डिस्कच्या त्या भागावरच) साठवलेला असतो आणि तुलना एकेका एककाची होते. युनिकोडमध्ये काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात; अशी समतुल्य रूपे एनटीएफएस एक मानत नाही. याशिवाय विंडोजची नेहमीची एपीआय (प्रोग्रामना फाइली हाताळण्यासाठी दिलेली फंक्शने) नावाच्या शेवटचे टिंब आणि मोकळी जागा गुपचूप काढून टाकते, त्यामुळे "अहवाल" आणि "अहवाल." ही लिनक्सवरील दोन नावे विंडोजवर एकच होतात. < > : " / \ | ? * ही चिन्हे तेथे नावात चालत नाहीत, आणि कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम-१ ते कॉम-९, एलपीटी-१ ते एलपीटी-९ ही रोमन लिपीत लिहिली जाणारी उपकरणांची नावे राखीव आहेत.

मॅकवर दोन पिढ्या लक्षात ठेवाव्या लागतात. १९९८ मध्ये आलेली एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम प्रत्येक नाव युनिकोडच्या विघटित रूपात (अक्षर आणि त्याला जोडलेले चिन्ह वेगवेगळे लिहिलेल्या रूपात) बदलूनच साठवत असे. म्हणजे प्रोग्रामने एका रूपात दिलेले नाव डिरेक्टरीची यादी वाचताना दुसऱ्या रूपात परत येई. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस नाव दिले तसेच जपते, पण मॅकवर तुलना करताना युनिकोडच्या समतुल्य रूपांतला फरक धरत नाही, आणि नेहमीच्या मांडणीत कॅपिटल-स्मॉलचाही धरत नाही. आयफोनवर मात्र तीच एपीएफएस कॅपिटल-स्मॉलचा भेद पाळते.

आता अपवादांकडे वळू, कारण खरी फसगत तेथेच होते. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून एखाद्या विशिष्ट डिरेक्टरीपुरता कॅपिटल-स्मॉलचा भेद चालू करता येतो. लिनक्सच्या ५.२ या कर्नलपासून, म्हणजे २०१९ पासून, एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नेमके उलटे करता येते : एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीला केसफोल्डचा गुणधर्म लावला, की तिच्यात कॅपिटल-स्मॉलचा भेद उरत नाही. मॅकवर डिस्क फॉरमॅट करताना केस-सेन्सिटिव्ह प्रकार निवडता येतो. लिनक्सच्या संगणकाला एक्स-फॅट या फाइल सिस्टिमचा पेनड्राइव्ह जोडला, की तेवढ्या भागात नियम बदलतात. म्हणून "विंडोज असेल तर भेद सोडा, नाहीतर पाळा" अशी अट कोडमध्ये लिहिणे म्हणजे डिरेक्टरीचा गुणधर्म ऑपरेटिंग सिस्टिमला चिकटवणे होय. पायथॉनमधील नॉर्मकेस हे फंक्शन याच गृहीतावर उभे आहे. विंडोजवर ते अक्षरे स्मॉल करते आणि तिरप्या रेघा बदलते. इतरत्र, मॅक धरून, ते नावाला हातही लावत नाही, त्यामुळे मॅकवर त्याच्या भरवशावर राहिल्यास उत्तर चुकते.

एखाद्या डिरेक्टरीचा नियम जाणून घ्यायचाच असेल तर तिलाच विचारावे. तेथे स्मॉल रोमन अक्षरांचे, अन्य कोणाशी न जुळणारे नाव देऊन तात्पुरती फाइल तयार करावी, तेच नाव कॅपिटल अक्षरांत लिहून ती सापडते का ते पाहावे आणि फाइल काढून टाकावी. हे उत्तर त्या एका डिरेक्टरीपुरतेच खरे असते. पोटातील डिरेक्टरीचा नियम निराळा असू शकतो. लिहिण्याची परवानगी नसेल तर सावध बाजू धरावी, म्हणजे नावे आदळतील असेच मानावे.

पायरी ३ : फाइल अस्तित्वात असेल तर नावांची तुलना टाळा

पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे दोन पाथ एकाच फाइलकडे जातात का यासाठी, नावांकडे पाहण्याची गरजच नसते. लिनक्स आणि मॅकवर प्रत्येक फाइलला उपकरण क्रमांक आणि आयनोड क्रमांक (त्या डिस्कवरील फाइलचा स्वतःचा क्रमांक) असतो. या दोहोंची जोडी जुळली तर फाइल एकच. विंडोजवर व्हॉल्यूमचा अनुक्रमांक आणि फाइलचा ओळख क्रमांक हेच काम करतात. बहुतेक भाषांत हे तयार मिळते : पायथॉनमध्ये सेमफाइल, जावाच्या फाइल्स वर्गात इज-सेम-फाइल, सी++१७ च्या फाइलसिस्टिम लायब्ररीत इक्विव्हॅलंट आणि गोच्या ओएस पॅकेजमध्ये सेमफाइल. कॅपिटल-स्मॉल, युनिकोडची रूपे, सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल), विंडोजची आखूड आठ-तीन नावे (आठ अक्षरे आणि तीन अक्षरांचे शेपूट), या सगळ्यांचा निकाल हे फंक्शन एका फटक्यात लावते, कारण ते निर्णय फाइल सिस्टिमवर सोपवते.

तीन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला दिलेल्या आणखी एका नावामुळे, दोन खरोखर वेगळ्या नावांची ओळख एकच येते. बॅकअपसाठी ती माहिती उपयोगी असते, पण "यातले एक नाव जादा आहे" असे समजून ते पुसून टाकणे योग्य नाही. दुसरे असे, की फाइल पुसल्यानंतर तिचा आयनोड क्रमांक दुसऱ्या फाइलला मिळू शकतो, म्हणून हे क्रमांक डेटाबेसमध्ये कायमची ओळख म्हणून साठवू नयेत आणि तुलना करताना शक्यतो दोन्ही फाइली उघड्या ठेवाव्यात. तिसरे म्हणजे ही पद्धत अस्तित्वात नसलेल्या फाइलला लागू होत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच परिस्थितीसाठी आहेत.

पायरी ४ : कॅपिटल-स्मॉलसाठी केसफोल्ड वापरा

तुलनेसाठी अक्षरे स्मॉल करणे आणि केसफोल्ड करणे, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक पुसणारे रूप देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. स्मॉल करण्याचे फंक्शन वाचकाला दाखवायच्या मजकुरासाठी असते, म्हणून ते भाषेचे नियम पाळते. ग्रीक भाषेतील कॅपिटल सिग्माचे स्मॉल रूप शब्दाच्या शेवटी एक आणि अन्यत्र दुसरे असते. तुर्की भाषेत कॅपिटल आय या अक्षराचे स्मॉल रूप बिनटिंबाचे असते, त्यामुळे तुर्की सेटिंग असलेल्या संगणकावर रोमन लिपीतील "फाइल" हा शब्द कॅपिटलमधून स्मॉल केला, की तो अपेक्षित शब्दाशी जुळतच नाही. जावामध्ये स्मॉल करणारे फंक्शन लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) न देता हाकारले तर ते संगणकाचे चालू लोकेल घेते. तेथे लोकेल रूट स्पष्टपणे द्यावे. डॉटनेटमध्येही चालू भाषेवर अवलंबून असणारी तुलना टाळून ऑर्डिनल-इग्नोअर-केस हा प्रकार निवडावा. एनटीएफएसच्या वागणुकीच्या तो बराच जवळ जातो, कारण दोघांतही एकेका अक्षराचे कॅपिटल रूप पाहिले जाते.

युनिकोडचे केसफोल्ड भाषेच्या सेटिंगवर अवलंबून नसते आणि दोन्ही सिग्मांना एकच रूप देते. पायथॉनमध्ये ते स्ट्रिंगवरच उपलब्ध आहे. जावासाठी आयसीयू लायब्ररी घ्यावी लागते. तरीही केसफोल्ड म्हणजे फाइल सिस्टिमचा नियम असे समजू नये. जर्मन भाषेतील एस्त्सेट या अक्षराचे पूर्ण केसफोल्ड दोन एस असे होते, त्यामुळे पायथॉन त्या दोन नावांना एक म्हणेल. एनटीएफएस मात्र एकेका एककाकडे पाहत असल्याने ती दोन्ही नावे एकाच डिरेक्टरीत सुखाने ठेवते. या फरकाचे काय करायचे ते सहाव्या पायरीत येईल.

पायरी ५ : युनिकोडची रूपे आणि देवनागरी नावे

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून देवनागरी नावांना ही सगळी कटकट लागू नाही, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. देवनागरी नावांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या कोडमध्ये त्या सहसा हाताळलेल्या नसतात, म्हणून येथे थोडे थांबून पाहू.

"दुसऱ्या" हा शब्द फाइलनावात आहे असे समजा. त्यातील ऱ हे अक्षर यू+०९३१ या एका कोडपॉइंटने (युनिकोडमधील अक्षराच्या क्रमांकाने) लिहिता येते, किंवा यू+०९३० म्हणजे साधा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन कोडपॉइंटनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या मानकानुसार ही दोन रूपे समतुल्य आहेत : संयोजित रूप, म्हणजे एनएफसी, दोहोंना यू+०९३१ वर आणते आणि विघटित रूप, म्हणजे एनएफडी, दोहोंचे दोन तुकडे करते. लिनक्सवर आणि विंडोजवर ही दोन नावे एकाच डिरेक्टरीत शेजारी-शेजारी राहू शकतात; मॅकवर राहू शकत नाहीत. जुन्या मॅकवरून आणलेल्या फाइलींची नावे विघटित रूपात असल्याने, कीबोर्डवरून टंकलेल्या संयोजित नावाने शोधल्यास लिनक्सवर ती सापडत नाहीत. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात प्रीकम्पोज-युनिकोड नावाची सेटिंग आहे ती याच कारणासाठी.

क़, ख़, ग़, ज़, ड़, ढ़, फ़ आणि य़ या नुक्ता असलेल्या अक्षरांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांना यू+०९५८ पासून स्वतंत्र कोडपॉइंट आहेत, पण युनिकोडने ते संयोजनातून वगळले आहेत. परिणामी एनएफसी केल्यावरसुद्धा ही अक्षरे तुकड्यांतच राहतात. "एनएफसी केले म्हणजे स्ट्रिंगची लांबी कमी होते किंवा तीच राहते" असे गृहीत धरून लिहिलेला कोड येथे चुकतो.

मराठीत रोज लागणारे ॲ हे अक्षर तर आणखी अवघड आहे. ते यू+०९७२ या कोडपॉइंटने लिहिता येते, आणि अ म्हणजे यू+०९०५ व त्यापुढे अर्धचंद्र म्हणजे यू+०९४५ असेही लिहिता येते. यू+०९७२ हा कोडपॉइंट युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात दुसरी पद्धतच आढळते. डोळ्यांना ही रूपे एक दिसत असली तरी युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. एनएफसी करा किंवा एनएफडी करा, ती दोन नावेच राहतात, आणि तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर "ॲप" या नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसू शकतात. "दुसऱ्या" मधील ऱ्या हे जोडाक्षरसुद्धा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे शून्य रुंदीचे जोडचिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले आढळते, आणि तेही कोणत्याही प्रमाणीकरणाने (एनएफसी किंवा एनएफडी करून) पहिल्या दोहोंशी जुळत नाही.

शून्य रुंदीच्या या चिन्हांबाबत फाइल सिस्टिमचेही एकमत नाही. एचएफएस प्लसचा नेहमीचा प्रकार तुलनेच्या वेळी झेडडब्ल्यूजे आणि अक्षरे जोडू न देणारे झेडडब्ल्यूएनजे ही चिन्हे नावात नसल्यासारखीच वागवतो, तर एनटीएफएस आणि केसफोल्ड न लावलेल्या एक्स्ट-४ डिरेक्टरी त्यांना इतर अक्षरांइतकाच मान देतात. देवनागरीत ही चिन्हे जोडाक्षराचे रूप बदलण्यासाठी रीतसर वापरली जातात, त्यामुळे ती सरसकट कचरा समजून मूळ नावातून काढून टाकणे गैर आहे.

लांबीचा मुद्दाही येथेच नोंदवतो. एक्स्ट-४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो. म्हणजे जास्तीत जास्त ८५ कोडपॉइंट मावतात, आणि त्यांत प्रत्येक मात्रा व हलंत स्वतंत्र मोजले जातात. एनटीएफएसची मर्यादा १६ बिटांची २५५ एकके ही आहे, म्हणून तेथे चालणारे लांब मराठी नाव लिनक्सवर उतरतच नाही. ते कापून आखूड करणारा कोड दोन वेगळ्या नावांना एकच करून टाकू शकतो, तेव्हा तुलना कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर अशी दोनदा करावी.

पायरी ६ : तुलनेसाठी चावी तयार करा, मूळ नाव जपा

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे नावे आदळतील का यासाठी, प्रत्येक नावापासून एक तुलना-चावी तयार करावी आणि चाव्या जुळल्या तर इशारा द्यावा. खालील क्रम कोणत्याही भाषेत उतरवता येतो :

तुलना-चावी (नाव) :
१. नावाची प्रत घ्या आणि तिच्यातून शून्य रुंदीची चिन्हे काढा.
२. एनएफडी करा.
३. केसफोल्ड करा.
४. पुन्हा एनएफडी करा.
५. शेवटची टिंबे आणि मोकळ्या जागा काढा.
६. उरलेली स्ट्रिंग ही चावी.

शून्य रुंदीची चिन्हे आधी काढण्याचे कारण असे, की ती मध्ये असताना नुक्त्यासारखी चिन्हे आपल्या प्रमाण जागी सरकू शकत नाहीत. एनएफडी दोनदा करण्याचा क्रम युनिकोडच्या मानकातच दिलेला आहे, कारण केसफोल्डमुळे स्ट्रिंग पुन्हा अप्रमाण रूपात जाऊ शकते.

ही चावी मुद्दाम अतिसावध ठेवली आहे. लिनक्सवर सुखाने नांदणारी अनेक नावे ती एकाच गटात टाकेल आणि जर्मन एस्त्सेटच्या बाबतीत एनटीएफएसशीही तिचे मत जुळणार नाही. तरीही मी हीच बाजू धरतो. विनाकारण इशारा दिला गेला तर वापरणाऱ्याला एक जास्तीचा प्रश्न पडतो, पण इशारा चुकला तर त्याची फाइल जाते. या सावधपणाची अट एवढीच, की चावी जुळली म्हणून कोडने आपणहून दोन फाइली एक करू नयेत किंवा एक वगळू नये. चावीने शंका घ्यावी आणि निर्णय पुढील पायऱ्यांवर सोडावा.

चावी कधीही फाइल उघडण्यासाठी वापरू नये. फाइल उघडताना डिरेक्टरीच्या यादीतून मिळालेले मूळ नावच, शेवटच्या बाइटपर्यंत जसेच्या तसे, वापरावे. यासाठी "चावी ते मूळ नावांची यादी" असा नकाशा (मॅप) ठेवावा. एका चावीला एकच नाव जोडणारा नकाशा ठेवल्यास टक्कर शोधण्याआधीच एक नाव हरवते. एनएफकेसी आणि एनएफकेडी ही आणखी दोन रूपे लायब्ररीत दिसतील, पण ती घातांकातील दोन आणि साधा दोन यांना एक करतात. फाइलनावांसाठी ती वापरू नयेत.

नाव वैध युनिकोड नसेल तर काय करावे? लिनक्सवर जुन्या एन्कोडिंगमधील बाइट नावात असू शकतात, आणि एनटीएफएसवर जोडीदार नसलेली सरोगेट एकके (दोन मिळूनच एक अक्षर बनवणारी १६ बिटांची एकके) असू शकतात. पायथॉन ३.१ पासून अशा बाइटांना सरोगेट-एस्केप पद्धतीने स्ट्रिंगमध्ये सांभाळून ठेवतो आणि परत मूळ बाइट देतो. रस्टमध्ये यासाठी ओएस-स्ट्रिंग हा वेगळा प्रकारच आहे. अशा नावांवर प्रमाणीकरण करू नये. त्यांची तुलना बाइटला बाइट अशीच करावी आणि वाचता न येणाऱ्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हे टाकून तयार केलेली स्ट्रिंग केवळ पडद्यावर दाखवण्यापुरती ठेवावी. प्रश्नचिन्हांच्या दोन स्ट्रिंग जुळल्या म्हणून नावे जुळत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे माणसाला नावे एक वाटतील का यासाठी, याच चावीवर भाषेचे नियम चढवता येतात. मराठी शोधपेटीत अ आणि अर्धचंद्राची जोडी यू+०९७२ वर आणावी आणि ऱ्या च्या तिन्ही पद्धती एक कराव्यात. हा थर शोधापुरताच राहू द्यावा. ऱ ची पहिली दोन समतुल्य रूपे चावी आधीच एक करते आणि बाकीच्या रूपांना एकही फाइल सिस्टिम एक मानत नसल्याने टक्कर तपासण्याच्या कोडमध्ये तो आणण्याची गरज नाही.

पायरी ७ : संपूर्ण पाथची तुलना तुकड्यांनी करा

पाथ ही एक सलग स्ट्रिंग नसून घटकांची यादी आहे असे समजून काम करावे. एखादी फाइल "/कामे/अहवाल" या डिरेक्टरीत आहे का, हे स्ट्रिंगच्या सुरुवातीवरून तपासले, तर "/कामे/अहवाल-जुने" मधील फाइलही आत असल्याचे उत्तर येते. घटकांच्या याद्या जुळवल्या तर ही चूक उद्भवत नाही.

विंडोजवर / आणि \ दोन्ही विभाजक चालतात. लिनक्सवर \ हे नावातील साधे अक्षर आहे, त्यामुळे सरसकट अदलाबदल करू नये. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाथ हाताळायचा असेल तर त्या सिस्टिमचे नियम जाणणारा प्रकार वापरावा. पायथॉनच्या पाथलिबमधील प्युअर-विंडोज-पाथ लिनक्सवरही चालतो आणि कॅपिटल-स्मॉलचा भेद सोडून तुलना करतो. दोन टिंबांचा घटक केवळ मजकुरावरून गाळू नये, कारण आधीचा घटक सिमलिंक असेल तर दोन टिंबे भलत्याच डिरेक्टरीत नेतात. आणि प्रत्येक घटक वेगळ्या फाइल सिस्टिमवर असू शकतो, म्हणून पाथच्या पूर्वार्धाला एक नियम आणि उत्तरार्धाला दुसरा नियम लागू होणे ही सामान्य गोष्ट आहे.

पायरी ८ : लिहिण्याचा निर्णय फाइल सिस्टिमकडे द्या

चावीने कितीही चांगला अंदाज दिला तरी "नाव मोकळे आहे का ते पाहा, मग फाइल तयार करा" असे दोन टप्पे करू नयेत, कारण या दोन टप्प्यांमधल्या क्षणी दुसरा प्रोग्राम ते नाव घेऊ शकतो. "हे नाव आधीपासून असेल तर अपयशी हो" अशा अटीसहच फाइल तयार करण्यास सांगावे. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एक्स हा मोड द्यावा, जावामध्ये क्रिएट-न्यू हा पर्याय द्यावा. मग कॅपिटल-स्मॉल, युनिकोडची रूपे आणि शेवटची टिंबे यांबाबत जो काही स्थानिक नियम असेल तो फाइल सिस्टिम स्वतः लावते, आणि आपल्याला फक्त अपयशाचे कारण वाचायचे उरते. ज्या कोडला फाइली कायमच्या गमावणे परवडणार नाही, त्याच्यासाठी या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

नाव बदलताना एक खास प्रसंग येतो : केवळ कॅपिटल-स्मॉल बदलायचे असेल तर भेद न पाळणाऱ्या डिरेक्टरीत "नवे नाव आधीच घेतलेले आहे" असे आपल्याच तपासणीला वाटते. अशा वेळी तिसऱ्या पायरीतील ओळख तपासावी. जुने आणि नवे नाव एकाच फाइलकडे जात असतील, तर आधी तात्पुरते नाव आणि मग हवे ते नाव असे दोन टप्प्यांत बदलावे.

नाव तपासून परवानगी देणाऱ्या कोडमध्ये ही काळजी किती लागते, हे गिटच्या इतिहासात दिसते. गिट आपल्या अंतर्गत डिरेक्टरीचे नाव रिपॉझिटरीतील (प्रकल्पाच्या साठ्यातील) फाइलींना वापरू देत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये, सीव्हीई-२०१४-९३९० या सुरक्षा-त्रुटीच्या क्रमांकाखाली, असे जाहीर झाले की ती तपासणी स्मॉल अक्षरांतील अचूक नावापुरतीच होती. तेच नाव कॅपिटल अक्षरे मिसळून, एचएफएस प्लससाठी मध्ये शून्य रुंदीचे चिन्ह घालून किंवा विंडोजच्या आखूड नावाच्या रूपात लिहिले, की ते तपासणीतून सुटे आणि डिस्कवर मात्र खऱ्या अंतर्गत डिरेक्टरीतच जाऊन पडे. त्यातून घातक रिपॉझिटरी वापरणाऱ्याच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. म्हणून वर्ज्य नावांची यादी तपासताना तुलना-चावी वापरावी, आखूड नावाचे रूप वेगळे तपासावे आणि विंडोजवर अपूर्णविराम : असलेले नाव थेट नाकारावे, कारण तेथे ते चिन्ह त्याच फाइलच्या दुसऱ्या डेटा प्रवाहाकडे नेते.

पायरी ९ : खऱ्या फाइल सिस्टिमवर चाचणी करा

नकली फाइल सिस्टिमवर केलेली चाचणी येथे फारशी उपयोगी नाही, कारण ती आपलीच गृहीतके आपल्याला परत सांगते. लिनक्सवर केसफोल्ड लावलेली एक्स्ट-४ डिरेक्टरी, मॅकवर केस-सेन्सिटिव्ह एपीएफएसची डिस्क इमेज आणि विंडोजवर भेद चालू केलेली डिरेक्टरी अशा तीन जागा, प्रत्येक सिस्टिमच्या नेहमीच्या जागेबरोबर, चाचणीत घ्याव्यात. नावांच्या जोड्यांत निदान एवढ्या असाव्यात : केवळ कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली रोमन जोडी, ऱ च्या दोन समतुल्य रूपांची जोडी, ॲ च्या दोन असमतुल्य रूपांची जोडी, झेडडब्ल्यूएनजे असलेले आणि नसलेले नाव, शेवटी टिंब असलेले आणि नसलेले नाव, दोन सिग्मांची जोडी, एस्त्सेट आणि दोन एस. प्रत्येक जोडीसाठी पहिली फाइल "आधीपासून नसेल तरच" या अटीने तयार करावी, दुसरी तशीच तयार करण्याचा प्रयत्न करावा, आणि फाइल सिस्टिमने काय केले त्याशेजारी चावीने काय सांगितले ते नोंदवावे. चावी "आदळेल" म्हणते आणि फाइल सिस्टिम दोन्ही फाइली ठेवते, एवढाच फरक निघाला तर तो आपण जाणूनबुजून स्वीकारलेला आहे. याच्या उलट फरक निघाला, म्हणजे चावीने नावे वेगळी ठरवली आणि फाइल सिस्टिमने ती एक मानली, तर ती जोडी चाचणीत कायमची ठेवून चावीचा क्रम दुरुस्त करावा.